खाडाखोड

बँकेत नव्यानं लागलेल्या माणसाला पहिल्यांदा काय शिकवतात, ठाऊक आहे? खोडायला. लिहायला शाळेत शिकवून झालेलं असतं. बेरजा-वजाबाक्या बी. कॉम.ला शिकवून झालेल्या असतात आणि निकालाच्या दिवसापर्यंत त्या विसरूनही झालेल्या असतात. पण खोडणं ही विद्या मात्र बँकेतच मिळते.

मी २००३ साली बँकेत चिकटलो. तेव्हा काउंटरवर संगणक येऊन बसले होते, पण लेजर नावाची जाडजूड वही अजून रिटायर झाली नव्हती. दोघांनी उचलायची आणि एकानं लिहायची, अशी ती वही. आमच्या हेडकॅशिअरसाहेबांनी पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावरचं खोडरबर उचललं आणि शाळकरी पोराच्या खिशात विडी सापडावी तशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

"हे इथं चालायचं नाही. आकडा चुकला तर त्याच्यावर आडवी रेघ. एकच! वर बरोबर आकडा, शेजारी सही. आणि खालचा आकडा वाचता आला पाहिजे."

"पण साहेब, तो चुकीचाच ना? मग वाचता कशाला यायला पाहिजे?"

"चुकीचा आहे म्हणूनच!"

बँकेबाहेरचं जग कसं चालतं ते तुम्ही बघताच. तिथं खोडरबर मुबलक. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस मागच्या निवडणुकीतलं भाषण असं पुसतो, की कागद फाटत नाही आणि डागही उरत नाही. लग्नात रुसून बसलेला व्याही बारशात पेढे वाटत हिंडतो. घरचं म्हणाल तर मी गेल्या वर्षी काय बोललो होतो, याची मूळ प्रत फक्त आमच्या हिच्याकडे असते. माझ्याकडची प्रत ग्राह्य धरली जात नाही.

अशा जगात खोडरबर न वापरणारी माणसं बँकेखेरीज आणखी कुठं असतील, असं मला वाटलं नव्हतं. ती आहेत, हे मला माझ्या भाच्यानं दाखवलं.

भाचा पुण्याला एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. २०२५च्या दिवाळीत तो चकलांब्याला आला तो एक जुना संगणक काखोटीला मारून. मला वाटलं, मामासाठी भेट. ही म्हणाली, भंगारात घालायला आणला असेल.

"मामा, हा सर्व्हर आहे."

सर्व्हर हा शब्द बँकेत मी कायम ‘डाऊन’ या शब्दाच्या जोडीनंच ऐकलेला. तो उभाही राहतो, ही कल्पना मला नवीन होती.

मग त्यानं मला समजावून सांगितलं. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं एका फायलीत दहा जण हात घालतात. काल चालणारी गोष्ट आज बंद पडली, तर विचारायचं कुणाला? म्हणून एक व्यवस्था असते. प्रत्येक बदलाची नोंद करायची : काय बदललं, कुणी बदललं, कधी बदललं, आणि का बदललं. ‘का’साठी स्वतंत्र ओळ लिहावी लागते. प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षरांचा एक क्रमांक पडतो. जुन्या नोंदीतला काना-मात्रा जरी मागाहून बदलला, तरी तिचा क्रमांक बदलतो आणि तिच्या पुढच्या सगळ्या नोंदींचेही क्रमांक बदलतात. म्हणजे चोरी लगेच सापडते.

"म्हणजे लेजर!" मी म्हणालो.

"लेजरच म्हणा. याचं नाव गिट."

लिनक्सवाले लायनस टोरवाल्ड्स म्हणून जे गृहस्थ आहेत, त्यांनी ही व्यवस्था २००५च्या एप्रिलात लिहिली. त्याआधी ते दुसऱ्याची वही फुकट वापरत होते. ती फुकट मिळायची बंद झाली, तेव्हा त्यांनी काही दिवसांत स्वतःची वही शिवली. आपल्याकडे शेजाऱ्यानं वर्तमानपत्र द्यायचं बंद केलं तर आपण वाचनच बंद करतो. हा फरक आहे.

ज्या पेटाऱ्यात या नोंदी ठेवतात त्याला रिपॉझिटरी म्हणतात. आपण भांडार म्हणू. पण भांडारातल्या नोंदी वाचायच्या तर संगणकाला काळ्या पडद्यावर हुकूम द्यावे लागतात. ते भाच्याला येतात. मला येत नाहीत, आणि आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांना, तर मोबाइलचा अलार्मही दुसऱ्यानं लावून द्यावा लागतो. त्यासाठी भांडाराला एक खिडकी बसवतात. तिचं नाव गिटवेब. के सीव्हर्स नावाच्या माणसानं ती केली आणि २००६पासून ती गिटबरोबरच मिळते. या खिडकीतून आतलं सगळं दिसतं, पण हात आत जात नाही. थोडक्यात, पासबुक. शिल्लक बघा, उसासा टाका आणि घरी जा.

भाच्याला ही खिडकी घरच्या वायफायवर बसवायची होती. भांडारं तीन. एकात त्याचा स्वतःचा कसलासा प्रोग्रॅम. दुसऱ्यात माझे लेख. (माझ्या एका लेखातलं एकच विशेषण मी अकरा वेळा बदलून शेवटी पहिलंच ठेवलं, हे आता साऱ्या घराला वाचता येणार होतं.) आणि तिसऱ्यात आमच्या जमिनीचे कागद.

हे तिसरं काम त्यानं मोठ्या मेहनतीनं केलं होतं. अण्णांच्या ट्रंकेतले कागद वाळवीच्या आधी आपण गाठावेत म्हणून त्यानं ते सगळे टाइप करून घेतले. ज्यांनी आयुष्यात शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : सातबारा म्हणजे जमिनीची आजची शिल्लक. महाभूलेखच्या साइटवर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर घातला की तो कुणालाही बघता येतो. पण आजचं नाव तिथं आलं कसं, हे सातबारा सांगत नाही. तो नावाशेजारी नुसता एक क्रमांक दाखवतो. तो क्रमांक फेरफाराचा. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. कोण वारलं, कुणी विकलं, कुणी सोडलं, ते सगळं त्यात. तलाठी (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नोंद घालतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं पास करायचं. नाव कमी झालं तर ते पुसत नाहीत, त्याला कंस करतात. म्हणजे पुण्याच्या कंपन्यांनी जे गेल्या वीस वर्षांत शिकलं ते आमच्या तलाठ्याला केव्हापासून येतंय!

भाच्यानं ‘सातबारा’ नावाची एक फाइल केली आणि एकेक फेरफार म्हणजे तिच्यातला एकेक बदल, अशी नोंद घातली. प्रत्येक नोंदीला फेरफाराची खरी तारीख. तिथं पहिली अडचण आली. १९५६पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात, त्यामुळे सगळ्यांत जुने कागद उर्दूत आणि साल फसली. गावातल्या एका जाणत्या चाचांकडून ते वाचून घेतले, फसलीत ५९० मिळवून इसवी सन काढला, आणि गिट म्हणालं, चालणार नाही. त्याच्या हिशेबी काळ १ जानेवारी १९७०ला सुरू होतो. त्यामागची तारीख ते घेतच नाही.

"म्हणजे तुझ्या खापरपणज्यानं घेतलेली जमीन?"

"ती १ जानेवारी १९७०ला घेतली असं धरायचं, आणि खरी तारीख मजकुरात लिहायची."

असे आमच्या घराण्यातले तीन पिढ्यांचे कर्ते पुरुष त्या एकाच सकाळी उठून जमिनी घ्यायला निघाले.

आता खिडकी बसवण्याचं काम. याला ते लोक कॉन्फिगर करणं म्हणतात. खिडकीची सगळी कळसूत्रं एका फायलीत असतात आणि ती फाइल ‘ईटीसी’ नावाच्या फोल्डरात असते. ईटीसी म्हणजे आपल्या मराठीत ‘वगैरे’. संगणकातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या फायली त्यांनी ‘वगैरे’त ठेवल्यात. लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाचं नाव ‘आणि इतर आप्तेष्ट’मध्ये टाकावं तसं.

त्या फायलीत पहिली ओळ : भांडारं कुठं आहेत. भाच्यानं आपल्या फोल्डरचा पत्ता घातला. दुसरी ओळ : पानाचं नाव काय. अण्णा खाटेवरून म्हणाले, "वर श्री घाल. श्रीशिवाय वही सुरू करायची नसती." ‘श्री’ घातलं. टीव्हीला वायर जोडली, पान उघडलं. वर ‘श्री’, आणि खाली लिहून आलं, ‘चारशेचार : एकही प्रोजेक्ट सापडलं नाही.’

भाच्यानं कपाळाला हात लावला आणि मग त्याला उमगलं. पान दाखवणारा जो शिपाई असतो त्याचं संगणकातलं नाव ‘डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू-डेटा’. भांडारं भाच्याच्या घरच्या फोल्डरात. त्या फोल्डराला कुलूप. स्ट्राँगरूमच्या खोलीचं दार सताड उघडं, पण फाटकावरचा वॉचमन शिपायाला आतच सोडेना, असा प्रकार. भाच्यानं भांडारं उचलून सार्वजनिक जागेत ठेवली आणि त्यांची मालकीच शिपायाच्या नावे करून टाकली.

पान उघडलं. तीन भांडारं, चार रकाने : नाव, वर्णन, मालक, शेवटचा बदल. वर्णनाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी इंग्रजीत एकच मजकूर : ‘बिननावाचं भांडार, नाव देण्यासाठी ही फाइल बदला.’ हा मजकूर गिट आपणहून घालतं. नव्या घराच्या पाटीवर रंगाऱ्यानं ‘इथे नाव लिहा’ असं लिहून ठेवावं, तसं. पण अण्णांची नजर तिकडे नव्हती. ती मालकाच्या रकान्यात होती. आमच्या वडिलोपार्जित जमिनीसमोर मालक म्हणून लिहिलं होतं : डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू-डेटा.

"हा कोण?" अण्णांनी विचारलं.

"शिपाई आहे," मी म्हणालो.

"आपल्या जमिनीला शिपायाचं नाव लागलं?"

भाचा म्हणाला, थांबा, बघतो. त्यानं काळ्या पडद्यावर हुकूम देऊन भांडाराची चौकशी केली, तर गिटनं त्यालाच हटकलं. ‘या भांडाराची मालकी संशयास्पद आहे,’ असे शब्द. २०२२पासून गिटला ही सवय लागली आहे. फोल्डर एकाच्या नावे आणि विचारणारा दुसरा, असं दिसलं की ते आत घेत नाही. ज्यानं कष्ट करून नोंदी घातल्या त्यानंच हौसेनं मालकी दुसऱ्याच्या नावे केली, आणि आता दारात उभा राहिल्यावर त्यालाच विचारतात, तुम्ही कोण? असे खातेदार आमच्या काउंटरला मी महिन्यातून दोनदा बघतो. बहुतेक म्हातारे असतात, आणि घर मुलाच्या नावावर केलेलं असतं.

मग भाच्यानं शहाणपण केलं. मालकी परत स्वतःच्या नावे घेतली आणि वाचायची परवानगी मात्र सगळ्यांना दिली. पान पुन्हा उघडलं. जमिनीच्या भांडारासमोर मालक : भाचा.

अण्णा खाटेवरून उठून बसले. बहिणीच्या लेकाचं नाव वडिलोपार्जित जमिनीला लागलेलं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, टीव्हीवर तर नाहीच नाही.

"आजोबा, हे नुसतं दाखवायचं नाव आहे. तुम्ही सांगाल ते घालतो."

"मालक आमचा बाप," अण्णा म्हणाले.

तसं घातलं. २०२५च्या एप्रिलपासून सरकार ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मेलेल्यांची नावं सातबाऱ्यावरून काढतंय, आणि त्याच वर्षी आम्ही एका मेलेल्याचं नाव घातलं.

आणखी दोनच कळा राहिल्या होत्या. एक कळ ‘ब्लेम’ नावाची. ती चालू केली की फायलीतल्या प्रत्येक ओळीसमोर ती ओळ कुणी लिहिली त्याचं नाव येतं. ब्लेम म्हणजे सरळ दोष. ही सोय मुळात बंद असते, कारण ती संगणकाला फार दमवते. आमच्या घरात ती मुळातच चालू असते आणि कोणी दमत नाही. ती बंदच ठेवावी असं एकमतानं ठरलं.

दुसरी कळ अशी, की भांडारात एक ठरावीक नावाची कोरी फाइल ठेवली तरच ते भांडार खिडकीत दिसावं, नाही तर दिसू नये. भाच्यानं तिन्ही भांडारांत कोरी फाइल ठेवली. कोऱ्या फायलीला एवढं महत्त्व मी सरकारी कचेरीबाहेर पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आत्या आली.

आत्या पंचाहत्तरची. अण्णांपेक्षा मोठी. दर भाऊबिजेला पिशवीभर बोरं, शेंगा आणि तक्रारी घेऊन येते आणि तिन्ही वाटून जाते. टीव्हीवर मालिकेऐवजी हिरव्या-तांबड्या ओळी बघून ती म्हणाली, "हे काय लावलंय रे लेकरांनो?"

भाच्याला श्रोता हवाच होता. "आजी, हिरवी ओळ म्हणजे नवीन आली. तांबडी म्हणजे निघाली. हे बघा, १९७८. पणजोबा वारले, वारसाची नोंद झाली. ह्या तीन हिरव्या ओळी."

आत्या चौथी शिकलेली. तिनं चष्मा सावरला आणि मोठ्यानं वाचलं. पहिलं नाव माझ्या वडिलांचं, दुसरं अण्णांचं. तिसरं वाचताना ती थांबली.

"हे तर माझं हाय."

"हो आजी."

"माझं नाव लागलं व्हतं? जमिनीला?"

"लागलं होतं ना. आता पुढचा फेरफार, १९८१." भाच्यानं कळ दाबली. तीनपैकी एक ओळ तांबडी झाली.

घरात फोडणीचा आवाज येत होता तोही थांबल्यासारखा वाटला. अण्णा खाकरले. "अक्का, ते कायद्यानं झालंय. वारसाची नोंद घ्यावीच लागती. पुढं तूच सही केली."

"केली की. मी कुठं न्हाई म्हणते? पर नाव लागलं व्हतं हे मला आज कळतंय. तीन वरीस मी जमिनीची मालकीण व्हते, आन् मलाच ठाऊक न्हाई!" आणि ती खळखळून हसली. मग म्हणाली, "का काढलं म्हून लिव्हलंय?"

ही जी ‘का’ची ओळ असते, ती भाच्यानं फेरफारातून जशीच्या तशी उतरवली होती. त्यानं वाचून दाखवली. हक्कसोडपत्राने, स्वखुशीने.

"खुशी?"

"असंच लिहायची पद्धत असते," मी म्हणालो.

आत्या माझ्याकडे वळली. "तुझं बारसं व्हतं. मला आनायला गाडी आली व्हती. गाडी कवा येत नव्हती, त्या टायमाला आली. तुझं नाव ठेवलं, कुर्रर्र केलं. आन् तिसऱ्या दिवशी दादा म्हणला, चल गेवराईला, तुला लुगडं घ्यायचंय. लुगडं घेतलं. मग कचेरीत नेलं. हितं सही कर म्हणले. मी इचारलं, कामून? तर म्हणले, काय न्हाई, कागद हाय."

ती थांबली. "लुगडं चांगलं व्हतं. हिरवं."

मी बँकेत रोज शेकडो नावं बघतो. पण आजवर मला हे ठाऊक नव्हतं, की आत्यानं ज्या मुक्कामात माझं नाव ठेवलं त्याच मुक्कामात तिचं स्वतःचं नाव निघालं.

ज्या २००५ साली एप्रिलात गिट निघालं त्याच साली सप्टेंबरात हिंदू वारसा कायदा बदलला आणि मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानंच मुलाइतका वाटा आला. महाराष्ट्रानं तर तो १९९४लाच दिला होता. आत्याची सही त्याही आधीची. तिच्या पिढीतल्या किती बायकांनी अशी लुगडी नेसली असतील, ती मोजदाद नाही. आणि आजही दिवाळीच्या आसपास हक्कसोडपत्रं होतच असतात. फक्त लुगड्याच्या जागी पैठणी आलेली असते.

अण्णांनी आवाज चढवला नाही, पण म्हणाले, "हे टीव्हीवर दाखवायची काय गरज? उद्या कुणी येतं-जातं. तुझी ती कोरी फाइल काढ बरं. म्हणजे दिसायचं न्हाई."

एक फाइल काढायची, बस. ती काढली की आतलं काहीच हलत नाही, नुसती खिडकी लागते. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीकडे पाहत होते.

"लपवायचं कामून?" आत्या म्हणाली. "चोरी केली का कुणी? मला जमीन नगं. ह्या वयात मी काय ढेकळं फोडणार हाय? पर ते ‘खुशी’ तेवढं बदल."

"बदलता येत नाही आजी," भाचा म्हणाला. "जुनी नोंद बदलली तर तिच्यापुढचं सगळंच बदलतं."

इथं मात्र बी. कॉम. झालेल्या माणसाला तोंड उघडणं भाग होतं. जुन्या नोंदीला हात लावायचाच नसतो. मागच्या वर्षीचं खातं चुकलं म्हणून कोणी मागच्या वर्षाची पानं फाडत नाही. आजच्या तारखेला नवी नोंद घालतात आणि त्यात लिहितात, की अमुक तारखेची अमुक नोंद अशी होती, तिचा खुलासा असा. दोन्ही वाचता आल्या पाहिजेत. मी म्हणालो, "आत्या, तू सांग. तो लिहील. आजच्या तारखेनं."

आत्यानं पदर सावरला. फोटो काढायच्या वेळी बसते तशी ताठ बसली आणि सांगितलं. भाच्यानं शब्दन् शब्द टाइप केला :

‘१९८१ची सही खुशीनं केली न्हाई. माहेर राहावं म्हून केली. माहेर राहिलं. लुगडं हिरवं व्हतं.’

"आता," भाचा म्हणाला, "यात दोन नावं लागतात. एक लिहिणाऱ्याचं, ते आजीचं. दुसरं नोंद दाखल करणाऱ्याचं. खिडकीत दोन्ही वेगवेगळी दिसतात. बऱ्याचदा माणूस एकच असतो, पण वेगळा चालतो. माझं घालू का मामा तुमचं?"

कुणीच काही बोललं नाही. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं पास करायचं. आणि हे माझं किंवा भाच्याचं पास करायचं काम नव्हतं. तेवढं मलाही कळत होतं.

अण्णा खाटेवरून उठले. चष्मा लावून नोंद एकदा वाचली, मग परत एकदा वाचली. ‘माहेर राहिलं’ या दोन शब्दांवर थोडे जास्त थांबले. आणि म्हणाले, "माझं घाल. कोणतं बटण?"

भाच्यानं दाखवलं. ज्या माणसाला अलार्म लावता येत नाही त्यानं एका बोटानं, हळूच, विंचवाला डिवचावं तसं ते बटण दाबलं.

पान ताजं केलं. जमिनीच्या भांडारासमोर शेवटच्या बदलाच्या रकान्यात तोवर ‘सोळा वर्षांपूर्वी’ असं होतं. ती २००९ सालची, माझे वडील गेल्यानंतरची नोंद. तिथं आता इंग्रजीत लिहून आलं : राइट नाऊ. आत्तापरतं.

"काय म्हणतंय?" आत्यानं विचारलं.

"आत्ताच झालं, म्हणतंय."

वर्णनाची ओळ राहिली होती, तीही भाच्यानं बदलून टाकली. पण काय लिहावं यावर अण्णा आणि आत्या यांचं जे भांडण जुंपलं ते ओवाळणीचं ताट आलं तरी मिटलं नाही. शेवटी तिथं नुसतं ‘शेत’ असं लिहिलंय.

भाचा पुण्याला गेला. सर्व्हर आमच्या माजघरात आहे. चकलांब्याची लाइट जाते तेव्हा तो जातो आणि लाइट येते तेव्हा येतो, त्यामुळे बँकेतल्या शब्दप्रयोगाची मला आठवण राहते. ही त्याच्यावर पापड वाळवते, कारण तो वरून कोमट असतो. खिडकी घरच्या वायफायपुरतीच आहे, म्हणून आत्याला ती तिच्या गावाहून दिसत नाही. ती दर आठ-पंधरा दिवसांनी फोन करते. आधी पाऊसपाणी, मग गुडघे, मग सुनेच्या तक्रारी. ते सगळं झालं की आवाज जरा खाली आणते.

"माझी नोंद हाय का रे?"

"आहे आत्या."

"किती दिस झाले म्हणतंय?"

मी पान उघडतो आणि वाचून सांगतो. परवा तिथं ‘तीन महिन्यांपूर्वी’ असं आलं होतं.

"बरं," आत्या म्हणाली. "जुनी व्हऊ दे."